टीप वगळून

ठण्णकन वाटी पडली आणि दुपारची शांतता मोडली.

धुऊन पालथ्या घातलेल्या भांड्यांचं असंच असतं. तासभर गप्प बसतात आणि मग कुणी हात लावला नसताना एखादी वाटी आपली जागा सोडते. ऋजुता खुर्चीतच आक्रसली. आतल्या खोलीकडे कान लावून थांबली. मिहिका कुशीवर वळल्याचा आवाज आला, मग पुन्हा तो मऊ, एकसारखा श्वास. वाचले.

दूध संघाच्या प्रयोगशाळेतली सकाळची पाळी संपवून ऋजुता साडेबाराला घरी यायची, पाठोपाठ पहिलीतली लेक यायची. जेवणं, भांडी, आणि मग दीड ते तीन हा तिचा स्वतःचा वेळ. तोही लेकीच्या झोपेतून चोरलेला. एरवी त्यात ती इस्त्री करायची, नाहीतर बसल्या जागी डुलकी काढायची. आज मात्र पडद्यावर एक पत्र उघडं होतं आणि ते ती चौथ्यांदा वाचत होती.

‘तुमची अपूर्ण कथा सापडली आहे. कथा: आठवी घंटा. भाग: ४२. लेखिका: चंद्रज्वाला१५ आणि धोटेवाली. कथा पूर्ण करायची आहे का?’

चंद्रज्वाला१५! सांगलीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, हळदीचे डाग पडलेला गाऊन घातलेली एकतीस वर्षांची बाई एकटीच लाजली.

सोळा वर्षांपूर्वी, इचलकरंजीत, दहावीच्या वर्षी ती चंद्रज्वाला होती. तेव्हा ‘सात घंटांचा मठ’ ही जपानी कार्टून मालिका पोरापोरींच्या डोक्यात शिरली होती. डोंगरावरचा मठ, गोन्दाई नावाचे म्हातारे गुरू, मिनाओ नावाचा तापट शिष्य. हातांच्या लढाईला घंटेच्या नादाची जादू जोडली की एका बुक्कीत डोंगर फुटायचा. मालिका पंचवीस भागांत संपली, पण पोरांची भूक काही संपली नाही. मग ‘मठकट्टा’ नावाच्या संकेतस्थळावर जो तो पुढची गोष्ट लिहायला लागला. शुद्ध, अशुद्ध, जमेल तशी. शक्यतो परीक्षेच्या आदल्या दिवशी.

आणि त्या लिखाणाच्या रीती काय कडक! त्यापुढे शाळेची शिस्त परवडली. प्रत्येक वाराला नाव हवं आणि मारण्याआधी ते ओरडून सांगायला हवं. न सांगता मारलेला वार लागत नाही. शत्रूनं ते नाव पूर्ण ऐकून घ्यायचं, मध्ये हात उचलायचा नाही. हरलेला शत्रू पुढच्या भागात मित्र होऊन जेवायला येणार. गुरू मरणार, पण स्वप्नात येऊन उरलेला धडा शिकवणार. आणि लेखिका स्वतःच गोष्टीत शिरणार. कशी? तर एक डोळा निळा, एक सोनेरी, अनाथ आणि सगळ्यांत बलवान. ऋजुताची आई तिच्या ताटात गरम पोळी टाकत असायची आणि पोरगी मांडीवरच्या फोनमध्ये अनाथ होत असायची.

धोटेवाली म्हणजे तरन्नुम मुल्ला. एकाच बाकावरची. तिच्या घराखाली अब्बूंचे आठ यंत्रमाग होते. खटाक-खट, खटाक-खट, दिवसभर. त्या घरात मीठ मागायचं तरी ओरडूनच मागावं लागे, त्यामुळे वार ओरडून मारण्याचं तिला मुळीच नवल वाटलं नाही. गोष्टीत शिरताना तिनं स्वतःला काही वेगळं केलं नाही. “माझे दोन्ही डोळे एकाच रंगाचे आणि मला अब्बू आहेत,” ती म्हणाली. तिचं हत्यार तेवढं अस्सल: धोटा. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारं, होडीच्या आकाराचं ते लाकूड.

“ऋजे, एकाआड एक भाग लिहायचा. विषम तुझे, सम माझे,” तरन्नुमनंच ठरवलं होतं. “भागाच्या शेवटी गाठ मारायची. पात्रं अशी अडकवायची की सुटता सुटू नयेत. आणि आपली गाठ आपण सोडायची नाही.”

“का गं?”

“मग सुटेल अशीच मारशील तू. चोरटी हायेस.”

भागाच्या डोक्यावर टीप टाकायची, हीदेखील रीतच. ‘पात्रं आमची नाहीत, भांडणं तेवढी आमची.’ ‘घटक चाचणीमुळे भाग उशिरा.’ तरन्नुमच्या टिपा तर लांबलचक असायच्या. ऋजुता त्या ओलांडून थेट मारामारीवर यायची. सगळेच यायचे. टीप असायची असते, वाचायची नसते.

*

“ताई, मठकट्ट्याच्या सर्व्हरला एक खोड होती,” दुसऱ्या दिवशी पडद्यावर कावेरी धुमाळ सांगत होती. पुण्याच्या एका विद्यापीठात बंद पडलेली संकेतस्थळं जतन करणाऱ्या गटातली ही मुलगी. बोलताना पेन्सिल केसांत खोचायची आणि मग शोधत बसायची. “तुम्ही लिहीत असताना तो दर दोन सेकंदांनी कच्चा मजकूर साठवायचा. तेव्हा सगळे त्याला शिव्या द्यायचे. आमच्यासाठी मात्र घबाड निघालं.”

त्या घबाडातून त्यांनी ‘अनुलेखक’ घडवला होता. भाषा जाणणारी यंत्रं आता घरोघरी होती. लाखो लोकांचं लिखाण वाचून कुठल्या शब्दानंतर बहुधा कुठला शब्द येतो, हे त्यांना कळायचं. अनुलेखक त्यांच्या पुढं जाऊन एकाच लेखिकेकडून शिकायचा. तिनं कुठला शब्द लिहिला, तो लिहिण्याआधी किती थांबली, काय खोडलं, खोडून पुन्हा तेच का लिहिलं. तरन्नुमच्या वीस भागांत अशा दीड लाख निवडी सापडल्या होत्या.

“लिहिलेलं सगळ्यांसाठी असतं, ताई. खोडलेलं फक्त आपलं असतं. यंत्र माणूस पकडतं ते तिथं.”

“म्हणजे ती तरन्नुमच असेल?”

“तेव्हाची. त्या उन्हाळ्यापर्यंतची. पुढची तिला माहीत नाही.” कावेरीनं पेन्सिल शोधली. “नियम साधे आहेत. दोघींची संमती हवी. पंधरा दिवसांत तुम्ही आणि यंत्र मिळून गोष्ट संपवायची. तुम्ही शेवट मान्य केला की ती ‘पूर्ण’ म्हणून लागते. काहीही झालं तरी पंधरा दिवसांनी यंत्रातला तिचा ठसा पुसला जातो. कुणाची पंधरा वर्षांची मैत्रीण कुणी कायमची घरात ठेवू नये, म्हणून.”

“तिनं दिली संमती?”

“परवाच. भिवंडीहून. एक अट घातलीय, जरा गमतीची. ‘गोष्टीचं काहीही करा, टिपा तेवढ्या काढू नका.’ यंत्राला शिकवताना आम्ही टिपा वगळतो. परीक्षा, सर्दीपडसं, वीज गेली, असलं काहीबाही असतं, त्यात यंत्र गोंधळतं. पण मूळ भागांवर त्या आहेत तशाच, घडी घालून. दाबलं की उघडतात.”

“आणि मला काही निरोप?”

“नाही हो, ताई.”

ऋजुतानं मान हलवली. निरोप तेव्हाही नव्हता.

दहावीची परीक्षा संपल्यावर ती चिपळूणला मामाकडे गेली होती. मेच्या मध्यावर तरन्नुमचा चाळिसावा भाग आला. मामाच्या पायरीवर बसून तिनं तो अधाशासारखा वाचला आणि त्याच संध्याकाळी एकेचाळिसावा लिहून टाकला. दरीवरचा पूल तुटतो. मिनाओ आणि चंद्रज्वाला या काठाला, आठवी घंटा घेऊन धोटेवाली एकटी त्या काठाला. गाठ. मग वाट पाहणं. तीन आठवडे. तरन्नुमचा फोन बंद. जूनमध्ये घरी आल्या आल्या ती सायकल काढून मुल्लांच्या गल्लीत गेली. दाराला कुलूप. त्याहून वाईट म्हणजे खाली शांत. त्या जागी शांतता कशी असते, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं. शेजारची बाई म्हणाली, “गेले की भिवंडीला, समदं घेऊन.”

न सांगता. पंधराव्या वर्षीचा राग तो. त्याला दुसरं कारण लागत नाही. त्याच दुपारी तिनं बेचाळिसावा भाग स्वतः लिहिला. आपली गाठ आपण सोडली. धोटेवाली आठवी घंटा वाजवते, सगळ्यांना वाचवते आणि दरीत पडते. बलिदानाला कट्ट्यावर सगळ्यांत जास्त मान. दोनशे बारा प्रतिक्रिया आल्या. आयुष्यात एवढी वाहवा तिची पुन्हा कधी झाली नाही, आणि त्यानंतर तिनं गोष्ट म्हणून एक ओळ लिहिली नाही.

*

तिनं यंत्राला एकेचाळिसाव्या भागापासून पुढं लिहायला सांगितलं. ओळी लगेच धडाधड आल्या नाहीत. कर्सर थांबला, दोन शब्द आले, खोडले गेले. तरन्नुमचंच थांबणं. मग:

‘धोटेवालीनं पुलाकडं बघितलं. पूल नव्हता. ती म्हणाली, नाहीस तर नाहीस, माझ्याकडं सूत हाय. “आडवा धोटा, उभा ताणा!” असं ओरडून तिनं धोटा दरीपार फेकला. धोटा गेला, आला, गेला, आला. मिनाओनं विचारलं, ही काय करतीय? चंद्रज्वाला म्हणाली, गप रे, ती पूल विणतीय.’

पदर असता तर ऋजुतानं तो तोंडावर धरला असता. ओढणीही नव्हती, म्हणून मिहिकाचा वाळत घातलेला रुमाल धरला. दरीत पडलेली परत आली होती. सूत घेऊन.

मग दुपारी कशा गेल्या, कळलं नाही. एक भाग यंत्राचा, एक तिचा. इस्त्रीचे कपडे खुर्चीवर साठत गेले. संध्याकाळी ती नवा भाग मिहिकाला वाचून दाखवायची आणि मिहिका पलंगावरून उड्या मारायची. आठवड्याभरात घराची भाषाच बदलली.

“जलप्रपात-याचना!” जेवताना मिहिका दोन्ही हात पुढं करून गर्जली.

“पाणी हवंय तिला,” ऋजुता नवऱ्याला म्हणाली.

“कळलं,” प्रसन्न तांब्या उचलत म्हणाला. “हल्ली नाव घेतल्याशिवाय या घरात काही होतच नाही. उद्या कचऱ्याची गाडी आली की काय ओरडू तेवढं सांगून ठेवा.”

तिला सोळा वर्षांत असं हसू आलं नव्हतं. खोलीत कुठंतरी खटाक-खट चालू असल्याचा भास व्हायचा. बोटांना जुनी चपळाई आली होती. गोन्दाई गुरू स्वप्नात आले, शत्रू जेवायला आला, चंद्रज्वालेचा सोनेरी डोळा ऐन वेळी फितूर झाला. सगळं जसंच्या तसं. फार जसंच्या तसं.

“आई,” बाराव्या दिवशी मिहिका वेणी घालून घेताना म्हणाली, “ही यंत्रातली मावशी तुला सोप्पं सोप्पं देते.”

“म्हणजे?”

“आमच्या बाई सुहानीला सोप्पी बेरीज देतात. ती रडते ना, म्हणून. तसं.”

ऋजुताचा हात वेणीतच थांबला. खरं होतं ते. एकदा तरन्नुमनं मिनाओचे हात, आवाज आणि आठवण अशी तिन्ही काढून घेऊन त्याला विहिरीत टाकलं होतं. न ओरडता वार कसा मारणार? चार दिवस ऋजुताला सुटेना, तेव्हा बाईसाहेब डबा खाता खाता म्हणाल्या होत्या, “सुटत न्हाई? मग रड की.” यंत्राच्या गाठी तिला बघता बघता सुटत होत्या. कारण उघड होतं. जे सर्वांत संभाव्य तेच ते लिहिणार, आणि तरन्नुमची सर्वांत संभाव्य गाठ म्हणजे तिनं आधी कधीतरी मारलेली आणि ऋजुतानं सोडवलेली.

त्या दुपारी तिनं गोष्ट बाजूला ठेवली आणि लिहिलं, ‘तरन्नुम, तू न सांगता का गेलीस?’

कर्सर थांबला. एक शब्द आला, खोडला गेला.

‘कुठं गेले? हितंच तर हाय की. खाली माग चालू हायेत, ऐकू येत न्हाईत व्हय गं?’

ऋजुतानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. एक तरन्नुम अशी होती जी गेलीच नव्हती. जी गेलीच नाही तिच्याशी भांडण कसलं, आणि तिची माफी तरी कशाबद्दल मागायची? गाठी सोप्या तर सोप्या. शेवट सुंदर झाला होता: मठाच्या अंगणात आठही घंटा, आणि दोघी एकाच झोक्यावर. रविवारी पंधरा दिवस पुरे होत होते. त्याआधी ‘मान्य’ एवढं दाबायचं होतं.

*

रविवारी मिहिका दुपारची झोपलीच नाही. प्रसन्न बाजारात गेला होता. ऋजुता शेवटचा भाग पुन्हा नजरेखालून घालत बसली आणि लेकीच्या हातात तिनं फोनवर जुने भाग उघडून दिले. “वाच तुझं तू. मोठी झालीस ना आता?”

“भा-ग… चा-ळी-स. आई, इथे घडी आहे. उघडू?”

“ती टीप आहे गं, सोडून दे. पुढे मारामारी आहे.”

पण नुकतं वाचायला शिकलेलं पोर अक्षर सोडत नाही. मिहिका साबणाचं वेष्टनसुद्धा शेवटच्या आकड्यापर्यंत वाचायची. तिनं घडी उघडली, ओळीखाली बोट धरलं.

“टी-प. पा-त्रं आ-म-ची ना-ही-त. ऋ… ऋ-जे. आई, ऋजे कोण?”

ऋजुतानं मान वर केली.

“अ-ब्बूं-नी स-हा मा-ग वि-क-ले.”

पुढचं वाचायला मिहिकाला दहा मिनिटं लागली. ऋजुता जवळ गेली नाही, फोन हातात घेतला नाही. मध्ये एकदा लेकीनं विचारलं, “भिवंडी कुठे असते?” तेव्हा ती “लांब,” एवढंच म्हणाली. सोळा वर्षांपूर्वी दोन सेकंदांत ओलांडलेली टीप तिनं अक्षर अक्षर ऐकली.

‘टीप: पात्रं आमची नाहीत. ऋजे, अब्बूंनी सहा माग विकले. उरलेले दोन घेऊन आम्ही मंगळवारी भिवंडीला जातोय, कायमचं. समोर सांगितलं असतं तर मी रडले असते आणि तू हसली असतीस, म्हणून इथं सांगते. फोन पण विकायचाय. तिकडं नेट मिळालं की लगेच येते, दोन महिने लागतील. तोवर तू एक गाठ मार. लई अवघड मार. आणि माझ्यासाठी राखून ठेव, कुणाला सोडू देऊ नको. मी येते.’

दोन महिने. तिला तीन आठवड्यांपलीकडे धीर धरवला नव्हता.

दोनशे बारा जणांनी वाहवा केली, त्यांतल्या एकानंही ही टीप वाचली नव्हती. आणि शेवटी यंत्रालाही तरन्नुमचं सगळं काही शिकवलं होतं, हे एवढं वगळून. म्हणून तर त्याच्या तरन्नुमच्या घराखाली माग अजून चालू होते. न सांगता मारलेला वार लागत नाही, असं त्या दोघी शंभर वेळा लिहून बसल्या होत्या. लागतो. चांगलाच लागतो. आणि तिला कुणी न सांगता मारलाच नव्हता. मारला होता तो तिनं.

तिनं कावेरीला फोन लावला.

“मी मान्य करत नाही.”

“ताई? अहो, आमच्याकडे आलेल्या शेवटांत हा सगळ्यांत सुरेख आहे!”

“सुरेखच आहे. पण ती गाठ तिची आहे. तिला कुणी सोडू नये, असं तिनं सांगितलं होतं.”

“मग कथा ‘अपूर्ण’च राहील. आणि ठसा आज पुसला जाईल. तो परत करता येत नाही, ताई.”

ऋजुतानं पडद्याकडे पाहिलं. कर्सर मिचमिचत होता, खटाक-खट, खटाक-खट. एक शब्द लिहिला असता तर उत्तर आलं असतं, हितंच तर हाय की.

“पुसा,” ती म्हणाली. “आणि माझा बेचाळिसावा भागसुद्धा काढून टाका. एकेचाळीसवर थांबवा. तिथं मला एक टीप टाकायचीय. ती तिच्यापर्यंत पोचेल का?”

“पोचवते मी,” कावेरी म्हणाली. “वाचतील की नाही, ते मात्र…”

“ती वाचते. टिपा तीच वाचायची.”

पडद्यावरून तरन्नुमची चौकट नाहीशी झाली. गाजावाजा काहीच नाही, लेकीची पाटी पुसावी तशी. एकेचाळिसाव्या भागावर पूल पुन्हा तुटला. दोघं या काठाला, एक त्या काठाला. वर रिकामी जागा. ऋजुतानं लिहिलं, ‘टीप:’ आणि थांबली. लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. हे खोडलेलं आता कुणी साठवत नव्हतं.

‘टीप: पात्रं आमची नाहीत. भाग उशिरा आहे, सोळा वर्षं. तरन्नुम, मी तुझी टीप आज वाचली. गाठ राखून ठेवली नव्हती. आता परत…’

मिहिका येऊन तिच्या कोपराखालून मांडीवर चढली. बोट धरून ‘त-र-न्नु-म’ वाचलं. जोडाक्षर पहिल्याच फटक्यात जमलं म्हणून स्वतःवरच खूश झाली. विचार करताना ती आईच्या बांगडीशी खेळायची, तशी खेळत राहिली.

“आई, ती येते म्हणाली होती ना?”

“हो.”

“दोन महिन्यांनी?”

“हो गं.”

“मग ती आली असेल. आणि तिनं बघितलं असेल, तर गाठच नव्हती.” मिहिकानं मान वळवून तिच्या तोंडाकडे पाहिलं. “मग तिनं काय केलं?”